सलगमाचा भाव

अ‍ॅनिमल क्रॉसिंग या व्हिडिओ गेममध्ये गेल्या रविवारी त्या नाक गळणाऱ्या सलगमवालीकडून, डेझी मेकडून, ९८ बेल्सच्या (तिथले पैसे) भावाने १२०० सलगम उचलले. १,१७,६०० बेल्स अडकवले! स्टोरेजमध्ये ते ठेवता येत नाहीत, म्हणून घरात जमिनीवर शंभर-शंभरचे बारा ढीग. आठवडाभर त्यातूनच वाट काढत पलंग गाठायचा.

सोमवारी सकाळी भाव ८६. दुपारी बाराला बदलतो, तर ८२. मग उतरतच गेला. गंमत (कसली गंमत!) अशी, की दुप्पट ते सहापट उसळी येते त्या आठवड्यातही आधी भाव असाच उतरतो. त्यामुळे रोज वाटायचं, उद्या. वहीत नफासुद्धा मांडून ठेवला होता मी.

आज शनिवार. उद्या सगळं सडणार. संध्याकाळी आई महात्मा फुले मंडईतून कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन आली. "उठता उठता देऊन टाकल्या त्याने. उद्या कोण घेणार?" तिला माझा हिशोब सांगितला. म्हणाली, "मग मंगळवारीच काढायचास ना माल!"

रात्री पावणेदहाला, दुकान बंद व्हायच्या आत, ४५ ने दिले. ५४,००० आले.

वड्या मात्र झकास झाल्यात.