आईच्या हातात दिलेली टेप

जूनचा पहिला पाऊस पडला की मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर पुन्हा चुली पेटतात. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं शेतीसाठी घरी येतात आणि त्यांच्याबरोबर अंगणवाडीच्या यादीत नसलेली मुलंही. म्हणून कुपोषित मुलं शोधणाऱ्या आमच्या तपासणी पथकाची ही फेरी मला वर्षातली सगळ्यात महत्त्वाची वाटते.

त्या दिवशी काम आटोपत आलं होतं. सेविकाताई वजनकाटा आवरत होत्या, तेवढ्यात एक आजी नातीला कडेवर घेऊन आली. ताप नाही, खोकला नाही. पोरीच्या दंडातला काळा दोरा बोटानं खाली सरकवत आजी म्हणाली, "डाक्टरबाई, शिमग्याला बांधला तवा घट्ट व्हता. आता बघा, कोपराखाली उतरतो."

मी दंडघेराची टेप काढली. आम्ही तिला म्युॲक टेप म्हणतो. शिंप्याच्या टेपेपेक्षा आखूड पट्टी, एका टोकाला खाच, आणि लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग. पोरीचा डावा हात वाकवून खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्यामधला मध्य काढला, मग हात सैल सोडून टेप त्वचेला टेकेल इतपतच ओढली. जास्त आवळली तर चांगलं मूलही लालमध्ये जातं, ढिली राहिली तर धोका लपतो. खाचेत लाल रंग आला. ११.१ सेंटिमीटर.

साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढे हिरवा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत हेच आकडे चालतात, कारण निरोगी मुलाचा दंड एक ते पाच वर्षांत फारसा जाड होत नाही. पोरीची जन्मतारीख विचारली तेव्हा आजीनं "भात झोडायच्या वक्ताला" एवढंच सांगितलं होतं. नुसतं वयाप्रमाणे वजन बघत बसलो असतो तर तिथंच अडलो असतो.

दोन्ही पावलांवर अंगठे दाबून पाहिले. खळगा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती. (सूज असेल तर टेप हिरवी आली तरी मूल तीव्र कुपोषितच धरायचं, हे नवीन माणसांना मी पुन्हा पुन्हा सांगते.) मग भुकेची चाचणी घेतली. पोरीनं एक घास चाटला आणि तोंड फिरवलं. न खाणारं असं मूल पाड्यावर ठेवता येत नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करणं भाग होतं.

शेतावरून आई आली आणि नाहीच म्हणाली. राब पेरायचा होता, घरात आणखी दोन पोरं होती. "ती बारीकच हाय पयल्यापासून," असं तिचं म्हणणं. बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळतील, हेही सेविकाताईंनी सांगून पाहिलं.

शेवटी मी टेप तिच्याच हातात दिली. जावेचा मुलगा साधारण तेवढाच होता. त्याचा दंड तिनं मोजला, हिरवा आला. मग आपल्या लेकीचा. लाल बघून तिनं टेप सोडली, मध्य पुन्हा नीट धरला आणि परत मोजलं.

"गाडी कधी निघंल?" तिनं विचारलं.

मोठ्या पोरांना जावेनं ठेवून घेतलं. पोरगी दाखल झाली, हळूहळू खायला लागली आणि पुढच्या तपासणीला पिवळ्यात आली.

नायजरमध्ये आयांना अशी टेप वापरायला शिकवली, तेव्हा मुलं लवकर सापडली आणि कमी मुलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आपल्याकडे मात्र कितीतरी ठिकाणी टेप कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे बघून माझा जीव तुटतो. त्या बाईला मी एक टेप ठेवायला दिली. पावसाळा संपायच्या आत तिनं शेजारचं एक पिवळं मूल स्वतः अंगणवाडीत आणलं, आणि सेविकाताईंनी त्याच दिवशी त्याचा जादा आहार सुरू केला.