अम्माचा पंखा दोनवर

आमच्या अम्माचा पंखा कायम दोनवर. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसलं की पाचवरचा वारा चालत नाही, तंबाखू उडते. मे महिन्यात सोलापूर त्रेचाळीसवर गेलं, डोक्यावर पत्रा, तरी दोनवरच. शिवाय तिचा हिशेब असा, की दोनवर लाईट कमी जळते.

ते फारसं खरं नाही. भिंतीवरचा जुना चौकोनी रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करतो, पण त्यातून वाचलेली बरीचशी वीज स्वतःच तापून खातो. एकदा तिचा हात धरून त्याच्यावर ठेवला. म्हणाली, "आता ह्यालापण एक पंखा लाव."

पंखा ७५ वॅटचा, दिवसाचे १६ तास, म्हणजे महिन्याला ३६ युनिटच्या आसपास. घरमालक युनिटला ११ रुपये घेतो. नुसत्या पंख्यात अम्माची अडीच-तीन दिवसांची मजुरी जाते.

११ कसे? आम्ही चार बिऱ्हाडं, मीटर एकच, मालकाच्या नावावर, आम्हाला सबमीटर. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर सगळ्यात कमी, १०१ ते ३०० चा बराच जास्त. आमच्यातलं एकही बिऱ्हाड ७० च्या वर जात नाही, पण चौघांचे मिळून २६० होतात आणि त्यातले १६० वरच्या दरात. बिलात बघाल तर आम्ही एसीवाले! वर मालकाचं 'मेंटेनन्स'. कसलं, ते विचारायचं नाही.

वेगळं मीटर घ्यायचं तर मालकाची संमती लागते. मागायला गेले तर म्हणाला, खोली बघा दुसरी. २०२४ मध्ये छतावरच्या सोलरची योजना आली तेव्हा ऑफिसातल्यांनी मला फॉर्म भरायला सांगितलं. छत कुणाचं भरू?

गॅसचं तंत्र अम्माचंच. १४.२ किलोची टाकी ती अडीच महिने ओढते. पंधरा दिवसांतून एकदा अंगणातल्या चुलीवर ज्वारीच्या भाकऱ्या करून कडक वाळवून ठेवते, म्हणजे रोजची भाकरी गॅसवर भाजायला नको. पुण्याचे पाहुणे त्याच भाकऱ्या कौतुकानं बांधून नेतात.

गेल्या महिन्यात पगारातून २८ वॅटचा पंखा आणला, रिमोटवाला. अम्मानं पहिल्याच दिवशी रिमोट ताब्यात घेतला आणि दोनवर ठेवला. ह्या पंख्याला दोनवर खरंच वीज कमी लागते, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.