तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोनात प्रयोगांचे काय झाले?

चोपडा तालुक्यातील एका खेड्यात मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. कोरोनाचा विषय निघाला की पालक असोत वा पाहुणे, हमखास विचारतात, "सर, शाळा बंद असताना तुम्ही प्रयोग कसे घेतले हो?" खरे उत्तर असे की, बहुतेक घेतलेच नाहीत.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि नव्या वर्षाचा वर्ग व्हॉट्सअॅपवर भरू लागला. मुलांच्या घरातला एकुलता मोबाइल दिवसभर वडिलांबरोबर केळीच्या बागेत असे, त्यामुळे सकाळी पाठवलेल्या व्हिडिओवरचे प्रश्न रात्री जेवणे आटोपल्यावर येत. त्या व्हिडिओंबद्दल माझी तक्रार एकच: त्यांतला प्रयोग कधी फसत नाही. प्रयोगशाळेत निम्म्या गटांचे काहीतरी बिनसते, आणि ते का बिनसले याचा शोध घेताना जे शिकवून होते ते फळ्यावर होत नाही.

एक धातू द्रावणातल्या दुसऱ्या धातूची जागा घेतो त्या विस्थापन अभिक्रियेच्या वेळी मात्र मला राहवले नाही. पिकांवर बुरशीविरुद्ध फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार कॉपर सल्फेट, आमच्याकडे अनेक शेतकऱ्यांच्या घरी असते. ते विषारी असल्यामुळे घरातल्या मोठ्या माणसाला समोर बसवूनच, टाकाऊ प्लास्टिकच्या पेल्यात त्याचे द्रावण करून त्यात लोखंडी खिळा ठेवायला सांगितले. संध्याकाळपर्यंत तांबूस झालेल्या खिळ्यांचे फोटो आले. एका मुलाचा मात्र आवाजी संदेश आला, "सर, काहीच व्हयनं नही." त्याने खिळ्याऐवजी पंपाच्या दुरुस्तीतून उरलेला स्टेनलेस स्टीलचा स्क्रू टाकला होता. तेही लोखंडच ना, मग तांबे का बसले नाही, यावर त्या रात्री गटात जितकी चर्चा झाली तितकी वर्षभरात झाली नाही. क्रोमिअमच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आतल्या लोखंडाला द्रावणापासून दूर ठेवतो, हे मी अगदी शेवटी सांगितले.

त्याच वर्षी सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचे सर्वेक्षण आमच्याकडे आले. एका ओट्यावर आजीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला असता माझ्याच नववीतल्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, सुई न टोचता याला रक्तातला ऑक्सिजन कसा कळतो?" मला नीट सांगता आले नाही. घरी येऊन वाचले: ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन लाल व अवरक्त प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून हे यंत्र हिशेब मांडते. दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून तिच्या घरी सांगून आलो.

अभ्यासक्रमातील 25 टक्के कपातीविषयी फार बोलण्यासारखे नाही. सलणारी गोष्ट वेगळीच आहे. 2021 ची दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा 20 गुण गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकांवर द्यायचे होते. ज्यांनी परीक्षानळी हातात धरली नव्हती त्यांनाही मी ते दिले. दुसरे काय करणार होतो?

वर्ग पुन्हा भरू लागले तेव्हा भिंगातून प्रकाश कसा जातो हे दाखवणाऱ्या किरणाकृती वहीत बिनचूक काढणाऱ्या एका मुलाच्या हाती मी बहिर्वक्र भिंग दिले. समोरच्या भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा पडली. तो क्षणभर गोंधळला आणि प्रतिमा सुलट व्हावी म्हणून त्याने भिंगच उलटे धरले. मी काही बोललो नाही. तो तास संपेपर्यंत भिंग फिरवत राहिला.