सहा महाविभागांचा चीन आणि एका नागपूरकराची तक्रार

चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी भाषा किंवा जेवण सांगणार नाही, ओळखपत्र क्रमांकाचा रकाना सांगेन. तो रकाना अठरा आकड्यांचा असतो आणि आपल्या पासपोर्टवर एक अक्षर व सात आकडे असतात. आता बऱ्याच ठिकाणी पासपोर्टाची सोय झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु जिथे झालेली नाही, तिथे पडद्यावर लाल अक्षरे उमटतात आणि काउंटरवरची मुलगी अत्यंत नम्रपणे आपल्याला दुसऱ्या काउंटरवर पाठवते, जिथून आपण पुन्हा तिच्याकडेच येतो. मागील आठवड्यात एका प्रदर्शनाच्या नोंदणीवरून असेच झाले आणि मी कार्यालयात येऊन बराच वेळ कुरकुर करत बसलो. तेव्हा शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंनी आपले ओळखपत्र माझ्यासमोर ठेवून, हे अठरा आकडे कसे वाचायचे ते समजावून सांगितले. त्यांचा जन्म याच चोंगछिंग शहरातला, पण क्रमांकाची सुरुवात ५१ने होते, म्हणजे सिचुआन प्रांत. त्यांच्या मुलाचा जन्मही याच शहरातला, पण त्याच्या क्रमांकाची सुरुवात ५०ने होते, म्हणजे चोंगछिंग. दोघांच्या जन्मांच्या मधे हे शहर सिचुआनमधून बाहेर पडले. दोघांमध्ये समान असलेला पहिला ५ मात्र नैर्ऋत्य विभागाचा आहे, आणि गंमत अशी की त्या नावाचे सरकार १९५४मध्येच बरखास्त झालेले आहे.

ओळखपत्रे १९८०च्या दशकात आली; म्हणजे सरकार गेल्यावर तीस वर्षांनी त्याची चौकट आकड्यांच्या रूपाने परत आली. उत्तर चीनला १, ईशान्येला २, पूर्वेला ३, मध्य-दक्षिणेला ४, नैर्ऋत्येला ५ आणि वायव्येला ६. मी या देशात आल्यापासून ‘चीन म्हणजे बीजिंगच्या एका हुकमावर हलणारा देश’ असेच समजत आलो होतो आणि घरच्यांनाही तसेच सांगत आलो होतो. या राज्याची पहिली पाच वर्षे तशी नव्हती.

१९४९च्या ऑक्टोबरमध्ये माओंनी बीजिंगमध्ये नव्या राज्याची घोषणा केली, तेव्हा ज्या शहरात बसून मी हे लिहितो आहे ते अजून राष्ट्रवादी पक्षाचे नेते च्यांग काय-शेक यांच्या ताब्यात होते. ते पडले ३० नोव्हेंबरला. देश एकाच वेळी हाती आला नव्हता, तो वेगवेगळ्या सेनांनी वेगवेगळ्या दिशांना जिंकला होता, आणि ज्या सेनेने जो मुलूख घेतला तिचेच सेनापती व पक्षचिटणीस तिथे राज्य चालवू लागले. ईशान्येत जमिनीचे फेरवाटप होऊन कारखाने सुरू झाले होते, तर नैर्ऋत्येत सावकार, जमीनदार, टोळीवाले आणि पराभूत सैन्याचे अवशेष असा सगळा कारभार शिल्लक होता. या दोन मुलखांना एकच नियम लावणे अशक्य होते आणि बीजिंगमध्ये तेवढी माणसेही नव्हती. म्हणून १९४९च्या डिसेंबरमध्ये केंद्र आणि प्रांत यांच्या मधे आणखी एक पायरी कायदेशीर करण्यात आली: महाप्रशासकीय विभाग. शेनयांगला ईशान्य, शिआनला वायव्य, शांघायला पूर्व, वुहानला मध्य-दक्षिण आणि चोंगछिंगला नैर्ऋत्य. उत्तरेचे पाच प्रांत बीजिंगने थेट आपल्याच हाती ठेवले.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. पुण्याला पेशवे, आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, नागपूर इथे आपापला मुलूख स्वतःच्या तलवारीने मिळवलेले सरदार; नाव एकाचे, वसूल ज्याचा त्याचा. फरक एवढाच, की आपल्या सरदारांना पुण्याला बोलावून परत न पाठवण्याची युक्ती पेशव्यांना जमली नाही आणि माओंना ती जमली.

ईशान्येचे गाओ गांग हे यांतले सर्वांत बडे सरदार. त्यांच्या विभागात इतर विभागांसारखी लष्करी-प्रशासकीय समिती नव्हती, तर रीतसर ‘लोकसरकार’ होते, आणि तेही केंद्र सरकारच्या आधी, १९४९च्या ऑगस्टमध्येच स्थापन झालेले. त्याच्याही आधी, जुलैमध्ये, गाओ मॉस्कोला जाऊन ईशान्येच्या वतीने रशियाशी व्यापारी करार करून आले होते. ईशान्येचे चलनही वेगळे होते. ते १९५१मध्ये साडेनऊस एक या दराने देशाच्या चलनात विलीन झाले, तोपर्यंत एकाच राज्यात दोन नोटा चालत होत्या. पक्ष, सरकार आणि सैन्य या तिन्ही ठिकाणचे पहिले पद एकाच माणसाकडे होते. इतर विभागांत पेंग देहुआय, लिन बियाओ, राओ शूशी आणि लिऊ बोछंग अशी नावे होती. वायव्येत पेंग कोरियाच्या युद्धावर गेल्यावर प्रत्यक्ष कारभार शी झोंगशुन यांनी पाहिला, जे आजच्या अध्यक्षांचे वडील.

आमच्या नैर्ऋत्य विभागाबद्दल (होय, मी आता ‘आमच्या’ म्हणू लागलो आहे) मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. इथे पक्षाचे पहिले चिटणीस होते डेंग शियाओपिंग, वय पंचेचाळीस. सिचुआन प्रांत एका घासात गिळण्याजोगा नाही, हे ओळखून त्याचे पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे चार तुकडे केले गेले आणि १९५२मध्ये, जमीन सुधारणा झाल्यावर, ते पुन्हा जोडले गेले. तिबेटवरच्या मोहिमेचा मुख्य भारही याच विभागावर होता. १९५०च्या ऑक्टोबरमध्ये छाम्दोवर चालून गेलेले अठरावे सैन्य नैर्ऋत्येच्याच हुकमाखाली होते. आपल्याकडे तिबेटचा विषय निघाला की आपण बीजिंगकडे बोट दाखवतो, परंतु त्या मोहिमेचा शिधा, रस्ते आणि माणसे यांचा हिशेब मी रोज ज्या उतारावरून खाली येतो त्या शहरात होत होता, ही जाणीव भारतीय माणसाला थोडी अस्वस्थ करते आणि मी ती लपवणार नाही. याच काळात चोंगछिंग ते छंगदू हा ५०५ किलोमीटरचा लोहमार्ग दोन वर्षांत बांधला गेला आणि १ जुलै १९५२ रोजी सुरू झाला. चिंग राजवटीच्या अखेरीपासून जो रखडला होता, तो मार्ग एका प्रादेशिक सरकारने पुरा केला. त्यावर गर्व करण्याचा इथल्या लोकांना हक्क आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या कामांची आठवण इथे काढण्याची गरज नाही.

आणि मग ते सभागृह. चोंगछिंगला आलेला प्रत्येक पाहुणा मी तिथे नेतो. समोरचा लांबलचक जिना चढताना पाहुणे धापा टाकतात आणि मी मागून इतिहास सांगतो. मधोमध बीजिंगच्या स्वर्गमंदिराची आठवण देणारी, हिरव्या चकचकीत कौलांची तीन पदरी गोल छत्री, दोन्ही बाजूंना लाल खांबांचे लांब सज्जे, आत चार हजारांवर माणसे बसतील एवढी जागा आणि डोक्यावर एकही खांब मधे न येऊ देणारा पोलादी घुमट. वास्तुविशारद झांग जियाद. काम १९५१मध्ये सुरू झाले, कारण विभागाच्या राजधानीत मोठी सभा भरवायला दालन नव्हते आणि पाहुण्यांना उतरवायला जागा नव्हती. नाव ठेवले नैर्ऋत्य प्रशासकीय समितीचे महासभागृह; विभागाच्या सरकारचे हे नंतरचे नाव. इमारत १९५४च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाली. नैर्ऋत्य प्रशासकीय समिती रद्द करण्याचा निर्णय १९ जून १९५४ रोजी झाला. ज्या सरकारसाठी हे बांधले, त्याला त्यात धड एक पावसाळाही बसता आले नाही. पुढच्या वर्षी पाटी बदलून ते शहराचे जनसभागृह झाले. रिकाम्या सभागृहात मागच्या रांगेत बसून मी घुमटाकडे पाहतो, तेव्हा मला हटकून आमचे नागपूरचे विधान भवन आठवते. त्याबद्दल पुढे लिहितोच.

विभाग का मोडले, यावर इथे दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. पुस्तकी उत्तर असे की १९५३ला पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, पोलाद, कोळसा आणि धान्य यांचे वाटप एका ठिकाणाहून करायचे होते, मधली पायरी नको होती. दबक्या आवाजातले उत्तर गाओ गांग. १९५२मध्ये गाओ, राओ, डेंग शियाओपिंग, डेंग झिहुई आणि शी झोंगशुन या पाच प्रादेशिक पुढाऱ्यांना बीजिंगला मोठी पदे देऊन बोलावले गेले. गाओ यांना तर नियोजन आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. तिथे त्यांनी पक्षातले दुसऱ्या क्रमांकाचे नेते लिऊ शाओची आणि पंतप्रधान झोऊ एनलाय यांच्याविरुद्ध प्रादेशिक मंडळींची जमवाजमव सुरू केली, असा ठपका आला. १९५४च्या फेब्रुवारीत केंद्रीय समितीच्या बैठकीत ते उघडे पडले, ऑगस्टमध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि नंतर त्यांना (मरणोत्तर) व राओ यांना पक्षातून काढले गेले. सवता सुभा मांडल्याचा आरोप त्यांना कायमचा चिकटला. मला स्वतःला पुस्तकी उत्तर जास्त पटते, कारण विभागांच्या सरकारांचा सरकारपणा १९५२च्या नोव्हेंबरमध्येच काढून त्यांना केंद्राच्या हस्तक समित्या बनवले गेले होते, म्हणजे गाओ प्रकरणाच्या बरेच आधी. गाओ यांनी फार तर घाई करवली.

तो जूनचा निर्णय वाचताना माझ्यासारख्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला जो धक्का बसतो, तो या घाईचाच. एका फटक्यात विभाग गेले; ल्याओदोंग व ल्याओशी मिळून ल्याओनिंग झाले, सोंगज्यांग हेलोंगज्यांगमध्ये गेले, निंगशा गान्सूमध्ये गेले; चौदा केंद्रशासित शहरांपैकी बीजिंग, तिआनजिन आणि शांघाय वगळता अकरा प्रांतांच्या हवाली झाली आणि चोंगछिंग, जे युद्धकाळात देशाची राजधानी होते, ते छंगदूच्या, म्हणजे सिचुआन प्रांताच्या, हाताखाली गेले. मोर्चा नाही, उपोषण नाही. आपल्याकडे याच सुमारास, १९५३च्या डिसेंबरमध्ये, राज्य पुनर्रचनेसाठी फजल अली आयोग नेमला गेला. त्याने लोकांची निवेदने घेतली, वेगळ्या विदर्भाची शिफारस केली आणि ती मानली गेली नाही. मुंबईसाठी माणसे रस्त्यावर उतरली, गोळीबार झाले, आणि १९६०पर्यंत वाद चालला. इथले सहकारी याला गोंधळ म्हणतात. मी त्यांना सांगतो की आमच्या राज्यांच्या सीमा आम्ही भांडून मिळवल्या आहेत, तुमच्या सीमा तुम्हाला वर्तमानपत्रातून कळल्या. हे मी मोठ्या अभिमानाने सांगतो.

पण मी नागपूरचा आहे, त्यामुळे तो अभिमान फार वेळ टिकत नाही. १९५६मध्ये नागपूरची राजधानी गेली. त्याआधी झालेल्या नागपूर कराराने काही आश्वासने दिली, त्यांतून दर वर्षी हिवाळी अधिवेशन आले: थोड्या दिवसांसाठी मंत्री, फायली आणि मोर्चे, उरलेले वर्ष बंद दरवाजे. सहकारी बाईंनी विचारले की भांडूनही राजधानी गेलीच ना? यावर मी दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपूरला असल्याचे सांगितले. उत्तर म्हणून ते फारसे भक्कम नव्हते.

या साऱ्यात मराठी माणसाचा एक खरा धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या सीमाप्रदेशात (तीन प्रांतांच्या हद्दींवरच्या कम्युनिस्ट तळात) १९४२मध्ये वारले, त्यातला छाहार प्रांत १९५२मध्ये नकाशावरून पुसला गेला. त्यांची समाधी शिज्याझुआंगला आहे, जिथे १९४८मध्ये उत्तर चीनचे लोकसरकार बसले होते, आणि त्या स्मशानभूमीच्या नावात अजूनही उत्तर चीन लष्करी विभागच आहे.

पक्षाचे प्रादेशिक विभाग १९६०-६१मध्ये पुन्हा उभे राहिले, पण सांस्कृतिक क्रांतीत तेही गेले. चोंगछिंगला मात्र १९९७मध्ये केंद्रशासित दर्जा परत मिळाला, यांगत्सेवरील तीन घळींच्या धरणाने विस्थापित होणाऱ्या लाखो लोकांचा प्रश्न एका शहर-सरकारच्या हाती देण्यासाठी. आसपासचे जिल्हे जोडून ब्याऐंशी हजार चौरस किलोमीटरचे ‘शहर’ तयार झाले, जे आपल्या अख्ख्या विदर्भाहून थोडेसेच लहान आहे. त्रेचाळीस वर्षांनी, आणि तोही वरूनच आलेला निर्णय. इथे कोणी मागणी केली होती का, असे मी बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या की सगळ्यांना हवेच होते, मागायचे कशाला?