चिलटांचं वेळापत्रक

"ताई, नऊ ट्रे बाहेर काढून ठेवलेत. बुरशी लागलीय सगळ्यांना."

सकाळी दार उघडून चपला काढतेय तोच हे कानावर आलं. मुलगा नवा, कामाला लागून जेमतेम दहा दिवस झालेले, पण उत्साह दांडगा. कचऱ्याच्या पिशवीशेजारी नऊ ट्रे ओळीने मांडलेले आणि दहाव्याला त्याचा हात लागलेला.

बंदिस्त खोलीत गव्हांकुर वाढवणं हे माझं काम. रोज १२ ट्रे पेरायचे, रोज १२ कापायचे. आठव्या दिवशी पाती १५-१८ सेंटिमीटर होतात. पुढे गव्हाला कांडं धरायला लागलं की रसाची चव बिघडते, म्हणून त्याआधी कात्री. म्हणजे कुठल्याही दिवशी खोलीत ९६ ट्रे, सहा रॅकवर. हे आकडे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच आलं.

मी पहिला ट्रे उचलून उजेडात धरला. मोड आलेल्या दाण्यांभोवती पांढरी, मऊ लव. बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशीच. मी स्प्रेची बाटली घेतली आणि पाण्याचे चार फवारे मारले. लव गायब.

"गेली कुठे?"

"कुठे नाही गेली. मुळांना चिकटून बसली. ती मुळांचीच लव आहे, पाणी शोषायची. तासाभराने परत फुलेल."

पेरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही लव हमखास दिसते, आणि पहिल्यांदा गव्हांकुर लावणारा तिला हमखास बुरशी समजतो. मीही समजले होते. तेव्हा मी दोन चांगले ट्रे फेकले आणि हे त्या मुलाला अजून सांगितलेलं नाही. फरक ओळखायला फवारा आणि नाक एवढंच पुरतं. मुळांची लव प्रत्येक मुळाभोवती एकसारखी, बाटल्या धुवायच्या ब्रशसारखी असते आणि ओली झाली की दिसेनाशी होते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर, एका पात्यावरून शेजारच्यावर जाते. पाणी मारलं तर थेंब तिच्यावर मण्यांसारखे बसून राहतात. आणि वास. चांगल्या ट्रेला ओल्या मातीचा, कोवळ्या गवताचा वास येतो. बुरशीला बंद कपाटात राहिलेल्या ओल्या फडक्याचा.

नऊपैकी सात ट्रे परत रॅकवर गेले. उरलेल्या दोनांजवळ नाक नेलं आणि मागे घेतलं. करडं जाळं, खालचे दाणे बुळबुळीत, एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. हे दोन खरेच गेलेले. मग मी सगळ्या रॅकवरून हात फिरवत गेले. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या ट्रेमध्ये, भिंतीकडच्या बाजूला, आणखी अकरा सापडले. मुलाने मुळांची लव फेकायला काढली होती आणि मागे लपलेली बुरशी त्याला दिसलीच नव्हती. मलाही आदल्या दिवशी दिसली नव्हती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

"वरून कापून घेतलं तर? बुरशी तर खालीच आहे," तो म्हणाला.

असा सल्ला पुष्कळजण देतात. मला पटत नाही. हा रस कच्चा प्यायला जातो, उकळत नाही, शिजत नाही. पिणाऱ्यांत आजारातून उठलेली माणसंही असतात. दाण्यांवरचं थोडंसं जाळं वेळीच दिसलं, वारा दिला आणि ते वाळलं तर ती वेगळी गोष्ट. पण पात्यांवर चढलेलं जाळं आणि कुबट वास असेल तर अख्खा ट्रे जातो. १३ ट्रे गेले, म्हणजे एका दिवसाच्या कापणीपेक्षा जास्त.

ट्रे उचलताना चिलटं उडाली. एकदोन नव्हे, चांगला पुंजका.

चिलटांचा त्रास दोन आठवडे चालूच होता. आधी मला वाटलं फळांवरच्या माश्या असतील, म्हणून वाटीत व्हिनेगर ठेवलं. दोन दिवसांत वाटीत मोजून तीन. फळमाशी गुबगुबीत, तपकिरी, बहुधा लाल डोळ्यांची. आंबूस वासावर तुटून पडते. ही चिलटं काळसर, बारीक अंगाची, लांब पायांची, दोन-तीन मिलिमीटरची. उडणं अगदी कमकुवत, निम्मा वेळ मातीवर तुरुतुरु पळण्यात. ही ओल्या मातीवरची, बुरशीवर जगणारी चिलटं. त्यांचं शास्त्रीय कूळ सायरिडी, आणि बंदिस्त लागवडीत सतावणारी बहुतेक ब्रॅडिसिया या प्रजातीतली. ओळख पटल्यावर व्हिनेगर ओतून दिलं आणि पिवळे चिकट सापळे लावले. ते रोज भरत होते. मी रोज बदलत होते. पूर्ण वाढलेली माशी आठवडा-दहा दिवसच जगते, तेवढ्यात मादी शंभरावर अंडी घालून मोकळी होते. अंडी पडून गेल्यावर तिला चिकटवण्यात अर्थ तो किती! सापळ्याने चिलटं आहेत हे कळतं, संपत नाहीत. हे मला माहीत होतं, तरी भरलेला सापळा बघून काहीतरी केल्याचं समाधान मिळायचं.

पावडर पाण्यात मिसळून ओतायचा बीटीआय हा जिवाणूसुद्धा आणून ठेवला होता. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजेन्सिस इस्रायलेन्सिस. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका साचलेल्या डबक्यात तो सापडला, म्हणून शेवटचा शब्द. डास, चिलटं आणि त्यांच्या जवळच्या भाऊबंदांच्या अळ्यांच्या पोटात गेला तर त्यांना मारतो, अंड्यांना आणि उडणाऱ्या माशीला काही करत नाही. पाकिटावरची सूचना मी वाचत होते, प्रत्येक ट्रेला किती लागेल याचा हिशोब करत होते, आणि शेजारी उभ्या त्या मुलाने सहज विचारलं,

"ताई, ही इथे मोठी होतात कधी?"

"म्हणजे?"

"म्हणजे अंडं, अळी, कोष, माशी. किती दिवस लागतात?"

मी सांगितलं. अंडी फुटायला चार ते सहा दिवस, अळीचे सुमारे दोन आठवडे, कोषाचे तीन-चार दिवस. खोलीच्या तापमानाला एकूण तीन ते चार आठवडे.

"पण आपण तर आठव्या दिवशी सगळं कापून टाकतो."

मी पाकीट खाली ठेवलं. इतकी वर्षं हे दोन्ही आकडे माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसले होते आणि एकदाही एकमेकांशी बोलले नव्हते. आठ दिवसांच्या ट्रेमध्ये अंडी पडू शकतात, इवल्या अळ्याही निघू शकतात. पण पंख असलेली एकही माशी त्या ट्रेमधून बाहेर पडू शकत नाही. मग दोन आठवडे मी ज्या चिकटवत होते त्या माश्या दुसरीकडे कुठेतरी वाढून येत होत्या. जिथे ओली माती आहे आणि जिला महिनाभर कुणी हात लावत नाही अशा ठिकाणी.

आम्ही खोलीत नव्या नजरेने फिरलो. सापळे तारीख टाकून लावलेले असल्याने कुठल्या रॅकवर किती ते लगेच दिसलं. दाराजवळच्या सापळ्यावर चार, मधल्यावर पंधराएक. मागच्या रॅकवरचा इतका काळा झालेला की मोजणं सोडून दिलं. आणि मागच्या रॅकच्या मागे ड्रम.

कापणी झाल्यावर ट्रेमध्ये मुळांची गादी उरते. खाली इंचभर माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात गच्च विणलेली मुळं, वर न उगवलेले दाणे. ती कंपोस्टला उत्तम, म्हणून टाकवत नाही. ड्रममध्ये साठवायची आणि भरला की बाहेर न्यायचा, असं ठरलेलं. तो भरूनही बरेच दिवस झाले होते, "या आठवड्यात नेऊ" म्हणत म्हणत झाकण कधी निघालं आणि कुठे गेलं ते कुणालाच आठवेना. सर्वात खालची गादी पाच आठवड्यांपूर्वीची होती.

मी वरची गादी खुरप्याने उलटली. ओल्या, मऊ पडलेल्या मुळांत अळ्याच अळ्या. काचेसारख्या पारदर्शक, पाच मिलिमीटरच्या, पुढे चकचकीत काळं डोकं. मुलगा दोन पावलं मागे गेला. मीही गेले असते, पण मागे भिंत होती.

सगळं चक्र डोळ्यांसमोर आलं. माशी ट्रेमध्ये अंडी घालते. आठव्या दिवशी आम्ही ती गादी अंड्या-अळ्यांसकट उचलतो आणि ड्रममध्ये नेऊन ठेवतो. तिथे ओल आहे, कुजणारी मुळं आहेत, बुरशी आहे, त्रास द्यायला कुणी नाही. उरलेले पंधरा-वीस दिवस तिथे काढून नवी माशी हातभर अंतरावरच्या रॅकवर येते. येताना अंगाला बुरशीचे बीजाणू चिकटवून आणते, ते वेगळंच. अळ्यांना ट्रेपासून ड्रमपर्यंत पोचवायचं काम आम्ही रोज, अगदी नेमाने करत होतो.

बीटीआय ९६ ट्रेना घालायचा बेत रद्द. ड्रम मोठ्या पिशवीत बांधून त्याच तासाला बाहेर गेला. कापलेल्या गाद्या त्याच दिवशी खोलीबाहेर, हा नियम तेव्हापासूनचा.

चिलटांचं उगमस्थान मिळालं, पण १३ ट्रेची बुरशी काही सगळी त्यांच्या माथी मारता येईना. ती भिंतीकडच्याच बाजूला का? भिंतीवरचं आर्द्रता मोजायचं यंत्र ५८ टक्के दाखवत होतं, म्हणजे उत्तम. मी ते खिळ्यावरून काढलं आणि मागच्या रॅकच्या ट्रेमध्ये, दाट पात्यांच्या आत ठेवलं. दहा मिनिटांनी बघितलं तर ९१. महिनोन्महिने मी खोलीची हवा मोजत होते. बुरशी राहते पात्यांच्या बुडाशी.

आणि बुडाशी हवा का खेळत नव्हती, त्याचं कारण मीच होते. मागणी वाढली म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी एका ट्रेमागे ४५० ग्रॅमऐवजी ६०० ग्रॅम गहू पेरायला सांगितला होता. हिरवळ गच्च दिसायची, बघून बरं वाटायचं. दाणे मात्र एकावर एक पडत होते. खालच्यांना मूळ खुपसायला माती नाही, वरच्यांना ओल नाही. जे रुजत नाहीत ते कुजतात, आणि सुरुवात तिथून होते. त्यात जागा करायला रॅक भिंतीला टेकवले, पंख्याचा वारा पुढच्या पात्यांवर आपटून परत फिरायचा.

त्या दुपारी पेरणी पुन्हा ४५० ग्रॅमवर आली. दाणे एका थरात, शेजाऱ्याला टेकले तर चालेल, अंगावर चढायला नकोत. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. दुसरा पंखा मागच्या बाजूला, पाती जेमतेम थरथरतील इतक्याच वेगाने, आणि रात्रीही बंद करायचा नाही. पाणी वरून ओतणं बंद. कोंब उभे राहीपर्यंत फक्त फवारा, पुढे खालच्या ट्रेमध्ये पाणी भरायचं, वीस मिनिटं शोषू द्यायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. हे ओतून देणं लोक विसरतात. तळाशी साचलेलं पाणी राहिलं तर सगळी मेहनत फुकट.

गहू भिजवण्यात मात्र फारसा बदल करावा लागला नाही. पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा, वर तरंगणारे फुटके-पोकळ दाणे काढायचे, तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाच मिनिटं ठेवून परत स्वच्छ धुवायचा, मग आठ ते दहा तास भिजत. रात्री घालून सकाळी विसरलेला गहू पेरायचा नाही, त्याला आंबूस वास सुटतो. एक सावधगिरी सांगायलाच हवी: शेतात पेरायच्या बियाण्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुधा रंगीतही असतं. ते या कामाला अजिबात चालत नाही.

ट्रे धुण्याचं काम मुलाकडे दिलं. साबणाने घासून माती पूर्ण काढायची, मग एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी करून त्यात दहा मिनिटं बुडवायचे, परत धुऊन वाळवायचे. थोड्या वेळाने बघते तर याच्या एका हातात ब्लीच आणि दुसऱ्या हातात माझी उरलेली व्हिनेगरची बाटली. "दोन्ही घातलं तर जास्त स्वच्छ होतील ना?" मी तिथूनच ओरडले. त्या दोघांच्या मिश्रणातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. त्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले ती एकदाच.

पुढच्या दोन आठवड्यांत बुरशीचा एक ट्रे निघाला, तोही कोपऱ्यात. चिलटं मात्र दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली नाहीत. उडणाऱ्या होत्या त्या आपलं आयुष्य संपवूनच गेल्या. सापळ्यावरचे आकडे मुलगा वहीत लिहायचा: तीस, बावीस, नऊ, चार. मग चारवरच अडकले. एक दिवस सात.

आणि ते सातही दाराजवळच्या सापळ्यावर, जिथे आधी सगळ्यात कमी असायची.

"ताई, रागावू नका," म्हणत त्याने कच्च्या बटाट्याची एक चकती माझ्यासमोर धरली. अळ्या आहेत की नाहीत हे बघायला मातीवर बटाट्याची चकती ठेवायची युक्ती मीच त्याला शिकवली होती. दोन-तीन दिवसांनी उचलली की अळ्या खालच्या बाजूला जमलेल्या दिसतात. या चकतीला सहा होत्या.

"कुठल्या ट्रेमधली?"

त्याने दाराशी ठेवलेल्या शोभेच्या कुंडीकडे बोट दाखवलं. कुंडी माझी. खोलीत जरा बरं दिसावं म्हणून आणलेली, आणि येता-जाता हातातल्या बाटलीतलं उरलेलं पाणी मी रोज तिच्यातच ओतायचे.

बीटीआयचं पाकीट शेवटी तिथे फुटलं, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. कुंडी आता गॅलरीत असते. पाणी तो घालतो, मातीत बोट खुपसून बघितल्यावर.