सर्जनना भेटून आले

लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथेच माझा क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार. आज एमआरआय बघून डॉक्टरांनी कागदावर चित्रच काढलं. नुसती सूज असती तर औषधांनी उतरली असती, पण व्रण भरता भरता घट्ट होऊन आकसलेलं आतडं औषधांनी सैल होत नाही. जेवणानंतरची ती पिळवटणारी कळ त्याचीच.

म्हणून तो भाग कापून उरलेली टोकं जोडायचं ऑपरेशन. पण त्याने आजार मुळातून जात नाही. जोडाच्या जागी तो पुन्हा येऊ शकतो, म्हणून ६ ते १२ महिन्यांत कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) करायची. व्हिटॅमिन बी-१२ शोषणारा भागच जाणार, त्यामुळे कदाचित त्याची इंजेक्शनं कायमची. सगळं स्पष्ट सांगितलं, याचं फार बरं वाटलं.

आईचा एकच प्रश्न होता, "पोटाला शौचाची पिशवी लावावी लागेल का हो?" तब्येत सावरून, ठरवून केलं तर बहुतेकदा नाही. आतडं पूर्ण बंद पडून घाईत करावं लागलं तर शक्यता वाढते.

माझं तिथेच ठरलं. दिवाळीपर्यंत थांबणार नाही, आधीचीच तारीख मागितली आहे.

कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल तर प्लीज मेसेज करा. घरी आल्यावर सुरुवातीला काय पचलं, ते आईला तुमच्याकडून जाणून घ्यायचंय.