आमची वाटचाल : ग्लासवरची रेघ

आमची फर्म काय करते असं कोणी विचारलं की मी सरळ सांगतो, आम्ही बिअरच्या ग्लासवर रेघ मारतो. ऐकणाऱ्याला वाटतं एवढंच? तर हो, एवढंच, पण ती रेघ बरोबर जागी पाहिजे आणि तिच्यापर्यंत बिअर पोचली पाहिजे, या दोन गोष्टींवर आमचं घर चालतं.

इंदूरला पोलोग्राउंडच्या बाजूला आमचं छोटं वर्कशॉप आहे, बाबांनी सुरू केलेलं. काचेवर छपाई हेच काम, हॉटेलांचे ग्लास, लग्नात आहेर द्यायचे सेट, गणपती मंडळांची बक्षिसं, लस्सीवाल्यांचे मोठे ग्लास, सगळं. मग शहरात बिअर तिथेच बनवून तिथेच देणारी ठिकाणं उघडायला लागली, विजयनगर साइडला, बायपासकडे, आणि त्यांना आपापल्या लोगोचे ग्लास पाहिजे होते. आईला आधी ते काम फारसं पसंत नव्हतं, आमच्या घरात कोणी घेत नाही, पण बाबा म्हणाले की ग्लास आपला आहे, आत काय ओतायचं ते त्यांचं. काम घेतलं.

छपाईच्या आधी आम्ही कुठलाही नवा ग्लास पाणी भरून मोजतोच, कारण ग्लास किती निमुळता आहे त्यावर डिझाइन बसवावं लागतं. अशाच एका ठिकाणाहून छपाईला आलेला बिअरचा ग्लास मोजला तर काठोकाठ बरोबर 500 एमएल. त्यांच्या मेन्यूवर पण 500 एमएल. मी म्हटलं मग फेस कुठे जाणार? तिथल्या मॅनेजरला फोन केला तर तो म्हणे, भिया, इतना झाग तो सब जगह आता है.

आता हे जरा हिशोबाने बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. ग्लासचं तोंड आतून 8 सेंटिमीटरचं असेल तर 1 मिलिमीटर उंचीला 5 एमएल जातात. 3 सेंटिमीटर फेस आला, जो काही जास्त नाही, तर 150 एमएलची जागा फेसाने घेतली. ताज्या फेसात साधारण पाव भाग बिअर असते असं धरलं तरी गिऱ्हाइकाला 390 च्या आतच मिळाली आणि बिल 500 चं. यात ओतणाऱ्या पोराचा काही दोष नाही, त्याने फेस काढून काठोकाठ भरायचं म्हटलं तर टेबलावर नेईपर्यंत सांडणार. आणि फेस पाहिजेच, त्यातूनच तर वास येतो, गव्हाच्या बिअरला तर चांगला जाड फेस शोभतो. म्हणजे ग्लास विकत घेतला तेव्हाच 500 एमएल देणं अशक्य झालेलं होतं. मला हे फार लागलं, कारण तो ग्लास आमच्या हातून छापून जाणार होता.

बाहेर लोकांनी यावर खूप आधीपासून डोकं लावलंय. जर्मनीत ग्लास मापापेक्षा मोठा असतो आणि काठाच्या खाली रेघ असते, रेघेपर्यंत बिअर, वर फेस, विषय संपला. ऑक्टोबरफेस्टचा तो 1 लिटरचा मग असतो त्याच्यावरही रेघ असते, आणि तरी म्युनिकमध्ये कमी ओतण्याच्या विरोधात लोकांनी 1970 पासून वेगळी संघटनाच चालवलीय, म्हणजे रेघ असून पण लक्ष ठेवावं लागतं हे त्यांना कळतं. इंग्लंडमध्ये तर 1699 मध्येच कायदा झाला की बिअर शिक्का मारलेल्या मापातच विकायची, तिथला पाइंट 568 एमएलचा, काही ग्लास काठोकाठ मापाचे असतात पण गिऱ्हाईक म्हणू शकतो की जरा भरून द्या. अमेरिकेत ओरेगॉनकडे बिअरप्रेमींनी हाच मुद्दा उचलला होता, जाड बुडाचे ग्लास दिसायला 16 औंसाचे पण मावायचे 14 औंस, म्हणजे 473 च्या जागी 414 एमएल.

आपल्याकडे बाटलीवर 330 किंवा 650 छापलेलं असतं, दारूचा पेग 30 आणि 60 च्या मापाने मोजून देतात, आणि नळातून येणारी बिअर मात्र सरळ ग्लासात, नजरेने. म्हणून आम्ही ठरवलं की मापाचा आकडा छापायचा असेल तर रेघेसकटच छापू, आणि ग्लास मापापेक्षा मोठाच असला पाहिजे, 500 साठी निदान 600 च्या पुढे मावणारा.

रेघ कशी मारतो ते सांगतो, कारण हे काम मला मनापासून आवडतं. रिकामा ग्लास काट्यावर ठेवून झीरो करायचा, पाणी ओतायचं. 20 अंशाला 500 एमएल पाणी साधारण 499 ग्रॅम भरतं. मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी 35 अंशाला असतं, तेव्हा तेच 500 एमएल 497 च्या आसपास दाखवतं, म्हणून पाणी आधी फ्रिजमधल्या पाण्यात मिसळून थर्मामीटरने 20 वर आणायचं. एका लॉटमधले बरेच ग्लास असे मोजायचे, कारण बुडाची जाडी कमीजास्त असते, आणि फरक फार निघाला तर लॉट परत. रेघ शक्यतो ग्लासच्या अरुंद भागात येईल असाच आकार सुचवतो, 6 सेंटिमीटर रुंदीला 1 मिलिमीटरची चूक म्हणजे 3 एमएलच्या आत, रुंद तोंडाला तीच 5 होते. रेघेची वरची कड म्हणजे माप. शाई साधी नाही, काचेची पूड असलेले रंग असतात, ते भट्टीत सुमारे 600 अंशावर काचेत भाजून बसतात, मग रोज मशीनमध्ये धुतले तरी रेघ जात नाही. काट्याचं सत्यापन वेळच्या वेळी करून घेतो आणि आमची रेघ म्हणजे नापतौल विभागाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का नव्हे हे बिलावर लिहून देतो, ते लपवायचं कारणच नाही.

विकायला खूप त्रास झाला. मालक लोक म्हणायचे रेघ दिसली की गिऱ्हाईक भांडणार, आत्ता कोणी काही बोलत नाही तर तुम्ही कशाला शिकवता. मोठा ग्लास महाग पडतो, कपाटात कमी मावतो, हे पण खरंच आहे. एका ठिकाणी तर सांगितलं गेलं की रेघ 450 वर मारा आणि बाजूला 500 लिहा, ऑर्डर मोठी होती आणि त्या वर्षी आम्हाला पैशाची गरज पण होती, बाबांनी सॅम्पल कापडात गुंडाळून परत पाठवले आणि घरी त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही. आई त्या दिवसापासून या कामाबद्दल काही म्हणत नाही, उलट ग्लास पुसायला स्वतः बसते.

ज्यांनी रेघेचे ग्लास घेतले त्यांच्याकडून मग दुसरी तक्रार यायला लागली, रेघेपर्यंत बिअर येतच नाही, नुसता फेस येतो, तीन वेळा थांबून ओतावं लागतं. मग त्यांच्या बार काउंटरच्या मागे जाऊन बघायला लागलो आणि तिथे खरं शिक्षण झालं. बिअर कोल्डरूममध्ये 3-4 अंशाला असते, पण तिथून नळापर्यंतचा पाइप गच्चीवरून उघडा नेलेला, इंदूरचा उन्हाळा 42 चा, पाइपात उभी राहिलेली बिअर गरम झाली की तिच्यातला गॅस सुटणारच. बिअर नळापर्यंत ढकलणाऱ्या गॅसचं प्रेशर कमी ठेवलं तरी बिअरमधला गॅस पाइपातच सुटतो, जास्त ठेवलं तर जोरात उसळते. नळ आणि पाइप नीट धुतलेले नसले की आत थर बसतो आणि त्याच्यावर बुडबुडे तयार होतात, म्हणून पाइप दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकच्या पाण्याने धुवायचे आणि नंतर साध्या पाण्याने पूर्ण काढायचे. आणि ग्लास! तेलकट फडक्याने पुसलेला ग्लास असला की बुडबुडे काचेला चिकटून राहतात, ते दिसलं की समजायचं ग्लास स्वच्छ नाही. नमकीनचे हात लागलेले ग्लास वेगळे धुवायचे हे आम्ही प्रत्येक ठिकाणी सांगतो, हे इंदूर आहे, शेव सगळीकडे असते.

म्हणून पाइप धुणं, इन्सुलेशन, प्रेशर लावून देणं ही दुसरी सर्विस सुरू केली, माझा चुलतभाऊ फ्रिज दुरुस्तीतला आहे, ते काम तो बघतो. यात मालकाचाच फायदा जास्त निघाला, पहिले दोन-दोन ग्लास फेस मोरीत ओतला जायचा तो वाचला, आणि तोच पैसा पूर्ण मापात गिऱ्हाइकाला देता येतो. हे पटल्यावर भांडणाची भीती पण गेली. ओतणाऱ्या पोरांना आम्ही स्वतः शिकवतो, ग्लास तिरका धरा, नळ पूर्ण उघडा, शेवटी सरळ करून फेस बनवा, रेघेच्या खाली राहिलं तर न मागता भरून द्या. न मागता, हे मी दोनदा सांगतो, कारण आपल्याकडे चार लोकांसमोर कमी आहे म्हणायला माणसाला लाज वाटते, तो गप्प पिऊन जातो आणि परत येत नाही.

पेट्रोल पंपावर 5 लिटरचं माप ठेवलेलं असतं ना, गिऱ्हाईक मागू शकतो, तसं काही ठिकाणी आता काउंटरवर 500 चं शिक्का असलेलं माप ठेवायला मी मालकांना राजी केलंय. मागणारे थोडेच असतात, पण ते तिथे दिसतं.

सध्या पिचर, म्हणजे बिअरचा जग, आणि टॉवर, म्हणजे टेबलावर ठेवायचं खाली नळ असलेलं उंच भांडं, यांच्यावर काम चाललंय. टॉवर 3 लिटरचा म्हणून विकतात, मधे बर्फाची नळी घातलेली असते, तिची जागा कोणी वजा करत नाही, आणि प्लास्टिकवर आमचे भट्टीचे रंग चालत नाहीत म्हणून कोरून खुणा करायचं मशीन बघतोय. तुमच्याकडे कुठलाही ग्लास असेल, आमच्याकडून घेतलेला नसला तरी, त्याच लॉटचे सहा-सात आणून द्या, मोजून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. दुपारी चारच्या आधी या, नंतर भट्टी लागते आणि मग बोलायला वेळ होत नाही.